गाळातली चाकोरी

गाळात चाकोरी बगितली आन माझं डोस्कंच फिरलं. ताजी, रुंद, चारचाकीची. पार पाण्याच्या काठापतूर गेल्याली आन तितंच गोल फिरून माघारी आल्याली. फ्लेमिंगो उठून लांब मधल्या उथळ पाण्यात जाऊन बसलेले. गावातलं कुणीतरी फितूर झालंय, हे मला तितंच कळलं.

आमचं गाव करमाळ्याच्या अंगाला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळ उघडा पडतो, पक्षी चरायला येत्यात आन त्यांच्यामागं पावणे. गावानं ठरवलं व्हतं, चारचाकी फाट्यावर थांबवायची. एष्टीनं या न्हायतर मोटारीनं या, फाट्यापासनं म्होरं आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं, आन मग होडीतनं. कालव्याच्या पाण्याला पाळी असती तशी ट्रॅक्टरला पाळी लावलेली, आज ह्याचा, उद्या त्याचा. ट्रॉलीतनं आलेला माणूस दिसभर राहतो. त्याला भूक लागती, त्यो माझ्या पडवीत चिलापी मासळीचं कालवण आन भाकरी खातो, जमलं तर मुक्काम करतो. मोटारवाला डबा घरनं आणतो, दारं धाडधाड आपटतो, फोटो काढतो आन निघून जातो. पक्षी भ्यालं की पल्याडच्या काठाला जाणार, मोटारवाले त्यांच्यामागं तिकडं जाणार, आन माझी चूल इझणार. आमच्या ह्यांच्या होडीवर घर चालत न्हाय, ह्या चुलीवर चालतंय.

माझा संशय थेट ट्रॅक्टरवाल्या धनाजीवर. का? तर बैठकीत सगळे माना हलवत असताना ह्यो एकटाच उभा राहून म्हणला, पावण्याला अडवलं तर पावणा दुसरीकडं जाईल. त्या दिसापासनं मी त्याच्यावर डोळा ठेवला. त्यो फोनवर हळू बोलला की मला वाटायचं, मोटारवाल्याशीच बोलतोय. हसला तर वाटायचं, आपल्यालाच हसतोय. न्हाय हसला तर, बगा, मनात चोर हाय म्हणून गप. एकदा त्यानं ट्रॅक्टर धुतला, तर मी म्हणलं, गाळ पुसतोय लबाड.

आमचे हे, रावसाहेब, जेवता जेवता म्हणायचे, जाऊ दे की, पुरावा कुटं हाय. मी म्हणायची, तुमी गप बसा, तुमाला माणसं वळखता येत न्हाईत.

चाकोऱ्या वाढल्या तशी मी चौकात उभी राहिले आन सगळ्यांम्होरं धनाजीला नावानिशी बोलले. त्यानं नाकारलं. पण बोलण्यात माझ्याम्होरं कोण टिकतंय? गावानं त्याची पाळी काढून घेतली. रावसाहेब पिंपळाखाली उभे व्हते, खाली मान घालून. मला वाटलं, बायको चौकात बोलती म्हणून लाजत्यात.

पाळी गेली तरी चाकोऱ्या थांबल्या न्हाईत. मग तर गावात कुणाचाच कुणावर भरवसा राहिना. फाट्यावर माणसं एकमेकांकडं तिरकं बगायला लागली.

एका सकाळी आमच्या केळीच्या बागंत पाण्याची मोटर चालू करायला गेले, तर बागंमधल्या वाटंनं पांढरी मोटार झुलत झुलत माझ्या म्होरं उभी. आमची वाट. केळीचा माल काढायला ठेवलेली, सरळ पाण्याला जाणारी. मी आडवी झाले. आतला पोरगा काच खाली करून म्हणला, "मावशी, मॅप हाच रस्ता दाखवतोय."

मी घरी आले ती पेटूनच. रावसाहेबांनी माझं तोंड बगितलं आन जाळं विणायचं थांबले. सांगितलं त्यांनी. एक म्हातारी आल्याली, गुडघं गेल्याली, ट्रॉलीवर चढता येईना, रडायला लागली की मला पक्षी दावा. ह्यांनी एकदाच, फक्त तिची मोटार बागंतनं सोडली. तिच्या नातवानं वाट फोनवर टाकली. आता फोन सगळ्या जगाला आमची बाग दावतोय.

मी धनाजीच्या दारात गेले. बस म्हणला न्हाय त्यो. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणला, "वैनी, मी विरोधात बोललो ते तोंडावर बोललो. तोंडावर बोलणारा मागं चोरी कशाला करंल?" त्यानं एकच मागितलं, पाळी जितं काढली तितंच, चौकात, परत द्यायची.

केळीची वाट आधी बंद केली. आरपार चर मारला. आता घड डोक्यावरनं वाहायचे, वाहू. पण पक्षी पल्याडच गेल्यालं. काठावर नुसता गाळ. परवा एष्टीनं उतरलेली माणसं माझ्या पडवीत जेवली आन इचारत राहिली, पक्षी कुटं हायत. काय सांगणार, हातानं पल्याड दावलं.

चौकात बैठक भरली. मी बोलायला उठले, पण आधी धनाजी उठला. माझ्याकडं बगितलंबी न्हाय त्यानं. रावसाहेबांना म्हणला, "दादा, माझी पाळी काढली तवा तुमी पिंपळाखाली व्हता. तुमाला ठाव व्हतं. येका शब्दानं का बोलला न्हाय? गावाला भ्यालात?"

रावसाहेबांनी मान वर केली.

"गावाला न्हाय," ते म्हणले. "हिला भ्यालो."

कुणी हसलं न्हाय. हसले असते तर बरं झालं असतं. बोलायचं सगळं मी सकाळपासनं मनात जुळवून ठेवलेलं, त्यातला एक शब्द तोंडातनं निघंना. भर चौकात मी, मीनाबाई, खाली मान घालून उभी.

शेवटी एवढंच म्हणले, "धनाजीभाऊ, उद्याची पाळी तुमची." आन घरी येईपतूर ह्यांच्या मागं मागं चालले, म्होरं गेले न्हाय.