टोपण न लागणारी टोकं

ताईला जाऊन दोन महिने झाले, पण तिच्या पेशी अजून प्रयोगशाळेतल्या उबेच्या कपाटात मजेत जगत होत्या. आजारात काढलेला कातडीचा इवलासा तुकडा ताईनेच धाकट्या बहिणीला दिला होता. "घे बाई, तसंही माझ्यापेक्षा तुझं त्या बशांवरच प्रेम जास्त!" धाकटी इथे कामाला. तिने तो पेशी वाढवायच्या काचेच्या बशीत लावला आणि पोटच्या पोरासारखा जपला.

आज प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी फर्मान काढलं. "चारपर्यंत या पेशी सरकायच्या थांबल्या तर गोठवून ठेवू. नाहीतर ब्लीच ओतून संपवू."

थांबायचं म्हणजे काय, ते ऐका. पेशी सरकते ती पोटातल्या ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांच्या जोरावर. टोकाला कणाला कण जोडत धागा वाढतो, पेशीला पुढे रेटतो. मग एक प्रथिन येतं आणि पेनाला टोपण लावावं तसं टोकावर बसतं. संपलं! पुढे कण जोडायची सोय नाही. ताईच्या पेशींत मात्र धागे वाढतच होते. म्हणून धाकटी सकाळपासून बारीक सुईने एकेका पेशीत ते टोपणाचं प्रथिन सोडत होती.

शेजारच्या बशीतल्या पेशी मुकाट थांबल्या. ताईच्या? छे!

"दुसरं एखादं प्रथिन टोकावर ठाण मांडून बसलं असणार," मॅडम म्हणाल्या. "ते टोपणाला जवळ येऊ देत नाही. भारी हट्टी असतं."

"ताईवर गेलंय," धाकटी म्हणाली. दोघी हसल्या आणि मॅडम आपल्या खोलीत गेल्या.

धाकटीने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशींनी बारीक बोटं बाहेर काढली होती, आणि सगळी एकाच बाजूला. बशीच्या कडेवर मार्करचा ठिपका असतो, तो कायम खिडकीकडे ठेवायचा, म्हणजे दिशा चुकत नाही. त्या ठिपक्यावरून तिने ताडलं, बोटं तिच्या स्टुलाकडे होती. ती उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली. वीस मिनिटांनी बघते तो काय, बोटं पलीकडे वळलेली!

तिला ताईचा शेवटचा दिवस आठवला. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "शेवटपर्यंत दाराकडे हात करून होत्या हो. तुमची वाट बघत होत्या." आणि ही तेव्हा कुठे होती? इथेच, याच पेशींना खाऊपिऊ घालत. "दहा मिनिटांत येते" असं फोनवर सांगून तास काढला होता तिने. ते आठवलं की अजूनही तिला स्वतःचीच चीड यायची.

चाराला पाच मिनिटं कमी होती. धाकटीने हातमोजा काढला. उघडा हात बशीत गेला की बशी बाद, मग गोठवणं विसरा. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला हे तीच दरडावून सांगायची. तिने झाकण उचललं आणि करंगळी हलकेच पेशींच्या खुराकाच्या पाण्यात टेकवली.

"आले गं ताई. फार उशीर केला मी."

मग तिने डोळा लावला. बोटं हळूहळू आत जात होती. पेशी गोल होऊन शांत बसल्या.

"अरे वा, थांबल्या की!" मागून मॅडम आल्या. "लागलं म्हणायचं टोपण. चला, गोठवूया."

"टोपण नाही लागलं, मॅडम. मी उघडा हात घातला."

मॅडमनी ब्लीचची बाटली टेबलावर ठेवली. ब्लीच धाकटीनेच ओतलं. सगळं विरघळायला दहा मिनिटं लागतात. या वेळी मात्र ती जागची हलली नाही.