पट्ट्याचे सात जोड

कवळीमास्तर हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत दुसऱ्या नावाने विचारलं असतं तर कोणी पत्ता सांगितला नसता. सकाळ-संध्याकाळ लोकांचे दात घडवायचे आणि दुपारी जेवण झालं की कामाच्या खोलीमागे, खिडकीशी बसून छोटी विमानं करायची, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. "माणसांच्या जबड्यातून सुटलात की विमानांच्या जबड्यात," असं त्यांची बायको म्हणायची, पण विमानांच्या कपाटाची काच पुसायचीही तीच.

एका जुन्या मेकॅनिकची म्हातारी बायको कवळीचं माप द्यायला आली आणि खुर्चीत बसायच्या आधी त्या कपाटापुढे बराच वेळ उभी राहिली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. ऐन तारुण्यात तो हवाई दलात लढाऊ विमानांची देखभाल करायचा. पुढच्या आठवड्यात ती पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन आली.

"यांनी अकरा वर्षं घातली यात, पण पुरं केलं नाही. तुम्ही कराल?"

"काकू, एवढं अडलं तरी कशात?"

"ते मला काय कळतंय!" असं म्हणून काकूंनी खोकं टेबलावर सोडलं, चटका बसल्यासारखं.

आत पुढे पंखा असलेलं, एका इंजिनाचं जुनं लढाऊ विमान होतं, खऱ्याच्या बत्तीसाव्या हिश्शाचं. काम पाहून मास्तरांनी तोंडात बोट घातलं. इंजिनाला केसाएवढ्या तारांच्या नळ्या. कॉकपिटमध्ये मोहरीएवढ्या तबकड्या आणि प्रत्येकीचा काटा वेगळ्या आकड्यावर. पायाखालच्या पत्र्यावरचा रंग नेमका बूट घासतात तिथेच खरवडलेला. फक्त धडाचे दोन भाग जोडायचे राहिले होते, कारण ते जोडले की सीटपर्यंत चिमटाही नीट पोचत नाही, आणि सीटवर पट्टे नव्हते. ते एका पाकिटात होते: शिशाच्या पातळ पत्र्यातून कापलेले सात जोड, बारीक बक्कलांसकट. सोबत एक वही. तिची शेवटची पानं एकाच मजकुराने भरलेली: ‘घट्ट बसवला. काढला. सैल बसवला. काढला.’

"यात अडण्यासारखं काय आहे?" मास्तर स्वतःशीच म्हणाले. त्यांनी त्यातल्या त्यात सुबक जोड निवडला, चिमट्याने उचलला आणि सीटवर घट्ट बसवला. तेवढ्यात त्यांच्याच तोंडून शब्द आले, "साहेब, आता? अजून सैल करू?"

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. "कोण साहेब?"

"कोणी नाही."

"दिवसभर लोकांना हेच विचारता ना, लागतंय का, सैल करू का. जीभ बापडी तेच घोकणार!"

मास्तर हसले. पण आजवर एकाही कवळीवाल्याला त्यांनी साहेब म्हटलं नव्हतं. शिवाय खोलीत जळक्या तेलाचा वास येत होता. त्यांनी रंगाच्या, गोंदाच्या सगळ्या बाटल्या हुंगून पाहिल्या. एकीचाही तो नव्हता.

पुढे काम झरझर होत गेलं, नको इतकं झरझर. धड जोडलं, सांधा घासला, रंग चढवला, पातळ काळा रंग पत्र्यांच्या फटींतून फिरवला. कोणती बाटली उचलायची हे हाताला आधीच ठाऊक असायचं. डाव्या पंखाखाली त्यांनी एक पोचा पाडला, आणि वहीत दडलेला खऱ्या विमानाचा फोटो त्यांना सापडला तो त्यानंतर दोन दिवसांनी. फोटोतही पोचा तिथेच होता. बसून काम करणारे मास्तर आता उभ्याने, कॉकपिटवर ओणवे होऊन काम करायचे, आणि रोज केव्हातरी ते वाक्य तोंडून निघायचं. ओठ दाबून धरले तरी निघायचं.

बायको आता हसेनाशी झाली. "अहो, ज्याचं त्याला देऊन टाका बाई ते," ती म्हणाली.

त्यांनी काकूंना बोलावून घेतलं. काकूंनी भिंग डोळ्याला लावलं. आधी पंख पाहतील, पंखा पाहतील असं मास्तरांना वाटलं होतं. त्यांनी थेट सीट पाहिली.

"पट्टा घट्ट केलात."

"तसाच असतो ना, काकू?"

"असायला हवा. तेव्हा नव्हता." त्यांनी भिंग खाली ठेवलं.

मग मास्तरांनी चाचरत ते वाक्य सांगितलं. काकू खुर्चीत बसल्या.

"झोपेत हेच बोलायचे हे. पंचावन्न वर्षं. माझ्याशिवाय कोणी ऐकलेलं नाही ते."

मग त्या सांगू लागल्या. त्या दिवशी वैमानिकाचा खांदा दुखत होता. तेवीस वर्षांचा पोरगा. म्हणाला, जरा सैल कर. मेकॅनिकने ऐकायला नको होतं, पण पोरगा लाघवी होता, ऐकलं. उतरताना चाकं उघडली नाहीत. विमान पोटावर घसरत जाऊन थांबलं. आग नाही, धूर नाही. माणूस कपडे झटकत चालत आला असता. पण पट्टा सैल, आणि डोकं पुढच्या, बंदुकीचा नेम धरायच्या काचेवर आपटलं.

"चौकशीत हे खरं सांगणार होते. मीच पाय धरले. मुलगी सहा महिन्यांची होती माझी. म्हटलं, तोंडाला कुलूप लावा. मग हे बोलले की मी घट्ट आवळला होता, साहेबांनीच सैल केला असेल. कागदावर चूक त्या पोराची लागली." काकूंनी डोळे पुसले नाहीत. "मला वाटलं, परक्या हाताने पुरं झालं तर झाकलं जाईल. तुम्ही तर माझंच खोटं पुन्हा आत बसवलंत, मास्तर."

मास्तर उठले. त्यांनी बारीक पात्याची सुरी घेतली आणि विमानाच्या पाठीवरच्या सांध्यात घातली. महिनाभराचं काम होतं. रंगाचे पापुद्रे सुटले, पंखाच्या मुळाशी कट्कन आवाज झाला, धड उघडलं. त्यांनी घट्ट पट्टा काढला आणि दुसरा जोड खांद्यावरून सैल सोडून बसवला. या वेळी त्यांच्या तोंडून काही निघालं नाही.

"आता लिहा," काकू म्हणाल्या. "माझा हात थरथरतो. त्या पोराची धाकटी बहीण आहे. पत्ता यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलाय."

त्या सांगत गेल्या, मास्तर लिहीत गेले. ‘मीच गप्प बसवलं’ हे वाक्य मास्तरांनी जरा मऊ केलं, तर काकूंनी वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. शेवटी विमानाबद्दलही लिहिलं.

सांधा पुन्हा जोडला, पण पाठीवर पुसटसा व्रण राहिलाच. ते वाक्य परत आलं नाही. तेलाचा वास मात्र येत राहिला, आणि आता तो बायकोलाही येत होता.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. दोनच ओळी. मास्तरांनी त्या काकूंना वाचून दाखवल्या.

‘आई होती तेव्हा हे पत्र यायला हवं होतं. विमान पाठवा.’

"पहिली ओळ पुन्हा वाचा," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी वाचली.

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा वाचली.