नाव गुप्त ठेवले जाईल

शिवलीलाला एकदाची संधी चालून आली होती, आणि ती पाच सह्यांवर अडली होती.

समाजशास्त्रात पीएचडी होऊन चार वर्षं झाली, तरी बाई कॉलेजात अजून तासिका तत्त्वावरच. म्हणजे तास असेल तोवर प्राध्यापक, सुट्टी लागली की घरी. अशात पुण्याच्या एका संस्थेनं सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठी दोन वर्षांची अभ्यासवृत्ती जाहीर केली. विषय आपला, वेळ आपला, शेवटी पुस्तक. शिवलीलानं हरखून विषय कळवला : कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देणाऱ्या बायका. संस्थेला तो आवडलाही. फक्त शुक्रवारी पाचच्या आत पाच जणींची सही केलेली संमतिपत्रं पाठवायची होती.

बोलायला बायका एका पायावर तयार होत्या. कोल्हापुरात माणसाला बोलतं करावं लागत नाही, गप्प करावं लागतं. धोंडुबाई चौगलेंनी तर धार काढता काढता नवऱ्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. पण शिवलीला संमतिपत्र वाचून दाखवायची आणि सगळ्यांची तोंडं उतरायची. "बघू की उद्या," म्हणत एकेक बाई म्हशीआड व्हायची. बुधवार गेला, गुरुवारही गेला. बायका सहीला घाबरतात, जमिनीबिमिनीचा संशय घेतात, अशी शिवलीलानं समजूत करून घेतली आणि वहीत तसं लिहूनही टाकलं. शिकलेल्या माणसाचं हे असंच असतं, विचारायच्या आधी लिहून मोकळा होतो.

शुक्रवारी सकाळी मात्र ती रडकुंडीला आली आणि तिनं सरळ विचारलं, "मावशी, सहीला एवढं काय भिताय? तुमच्या शेताघराला काही होत नाही."

धोंडुबाईंनी चरवी दाणकन खाली ठेवली. "भ्यायला काय झालंय? चौथी शिकलीया मी. सही येती मला."

"मग?"

"त्या कागदात काय लिवलंय? नाव गुप्त ठेवलं जाईल. का गं? मी काय चोरी केलीया व्हय? तीस वर्सं ह्या रस्त्याव धार काढतोय, पाण्याचा थेंब घाटला न्हाय. म्हस माझी, पर लोक म्हणत्यात गणपतरावाची म्हस. घरावर नाव मालकांचं, डेअरीत नाव मालकांचं. आता पयल्यांदा कोणतरी माझं लिवायला आलंय, तर ती म्हणती नाव झाकून ठेवती!"

मागच्या म्हशीआडून चिमणाबाई ओरडल्या, "आमची नावं लिवायची लाज वाटती हिला, दुसरं काय!"

शिवलीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ माणसांच्या भल्यासाठी असते, हे ती वर्गात दरवर्षी शिकवत होती. ऐकणारीला ती कुठं लागते, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं पेन काढलं, पाचही कागदांवरची ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'माझे नाव छापावे.' दहा मिनिटांत सह्या झाल्या. ज्यांना विचारलंच नव्हतं अशा दोघीही पदराला हात पुसत पुढं आल्या.

संस्थेच्या कार्यालयातल्या निशिगंधा मॅडम फोनवर हळहळल्या. "नमुन्यात बदल चालत नाही हो. अर्ज बाद होईल. जुन्याच कागदावर सह्या घ्या ना, पाचला अजून वेळ आहे."

वेळ होता, हे खरं. गळ घातली असती तर बायकांनी सह्या केल्याही असत्या. शिवलीलाचा जीव टांगणीला लागला. चार वर्षांनी आलेली संधी अशी हातची घालवायची? पण पुन्हा तो कागद घेऊन धोंडुबाईंसमोर जायची तिची छाती होईना, आणि खरं सांगायचं तर इच्छाही होईना. तिनं खोडलेलेच कागद पाठवले आणि कारण म्हणून धोंडुबाईंचं बोलणं जसंच्या तसं उतरवून जोडलं.

तीन आठवडे तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. मग पत्र आलं : निवड झाली होती. खाली समितीनं कळवलं होतं, की नाव छापायचं की गुप्त ठेवायचं हे यापुढे बोलणारी व्यक्ती स्वतः ठरवील, नमुना तसा बदलला आहे. शिवलीला आनंदानं रिकाम्या स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसली.

महिन्याभरानं ती पहिलं पान लिहून संध्याकाळी कट्ट्यावर गेली. पाच-सहा गिऱ्हाइकं ग्लास घेऊन उभी होती. तिनं वाचायला सुरुवात केली, "धोंडुबाई चौगले यांची म्हैस कट्ट्यावर सगळ्यात आधी येते..."

धोंडुबाईंचा धारेवरचा हात थांबला. "कुणाची म्हस म्हणालीस?"

"धोंडुबाई चौगले यांची."

"आनि एकदा वाच. मोठ्यानं." दावं धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, गणपतरावांकडे त्यांनी हनुवटीनं खूण केली. "त्यास्नी आईकू दे की."

शिवलीलानं मोठ्यानं वाचलं. गणपतरावांनी दावं या हातातून त्या हातात घेतलं.

"ऐकलं की," ते म्हणाले. "म्हस तुझीच हाय."