आयव्हीच्या नावाची ओळ

"आणखी किती घासशील? झिजेल तो दगड," मी म्हणाले.

डेल्फा थांबली नाही. गुडघ्यांवर बसून ती धाकट्या बहिणीच्या, आयव्हीच्या, कबरीवरचा दगड ब्रशने घासत होती. मे महिन्यात कबरी सजवायच्या रविवारी आमचं सगळं कूळ ह्या टेकडीवर चढून येतं. गवत उपटायचं, कागदी फुलं लावायची, गाणी म्हणायची आणि तिथेच झाडाखाली जेवायचं. मी डेल्फाची मावसबहीण व्हर्जी. दर वर्षी पाण्याची बादली मीच वर आणते आणि बडबडही मीच करते.

"वेस्टन येतोय म्हणे," ती म्हणाली.

"आपले गायक महाशय? मोठी गाडी वळणावर अडकली नाही तर येतील."

ती हसली नाही.

वेस्टन तिचा पाठचा भाऊ. तरुणपणी दोघं जोडीने गायची. शनिवारी सकाळी तालुक्याच्या रेडिओवर, जत्रेत, खाणीवरच्या संपात. गाणी रचायची डेल्फा, शाळेच्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता. वेस्टनची फक्त गिटार आणि हसू. मग तो नॅशव्हिलला, गाण्यांच्या रेकॉर्डी निघतात त्या शहरात, गेला. "बस्तान बसलं की तुला बोलावतो," म्हणाला. बस्तान बसलं, पण बोलावणं काही आलं नाही. आलं ते आयव्हीचं गाणं.

आयव्ही लहान असताना ओढ्याच्या पुरात गेली. पाणी भरायला दोघी बहिणी गेल्या होत्या. बादली घरीच राहिली म्हणून डेल्फा तिला काठावर उभं करून परत वळली. जाताना ती जे बोलली तेच पुढे गाण्याची पहिली ओळ झाली: 'आयव्ही, थांब गं पाण्यापाशी, मी आत्ता येईन.' हे गाणं ह्या दगडापाशीच म्हटलं जायचं. जत्रेत कुणी कितीही गळ घातली तरी डेल्फाने ते कधी म्हटलं नाही. वेस्टनला हे पक्कं ठाऊक होतं.

त्याने आयव्हीची लॉरा केली. पोर जाऊन प्रेयसी आली, मागे ढोलाचा ठेका आला, आणि गाण्याखाली नाव त्याच्या एकट्याचं. डेल्फाने ते पहिल्यांदा ऐकलं किराणा दुकानात, बटाटे निवडताना. लोक लग्नात त्यावर नाचतात. वर तिलाच सांगतात, "वेस्टनचं ते गाणं तुझ्याही गळ्याला शोभेल हं, डेल्फा." मला तर एकेकाच्या डोक्यात कढई घालावीशी वाटते. तेव्हापासून तिने ते कबरीपाशीही म्हटलं नव्हतं.

यंदा मात्र मावशी, म्हणजे तिची आई, हट्टाला पेटली होती. हल्ली तिच्या फारसं लक्षात राहत नाही, पण हे एक ती धरून बसली होती. "पुढच्या वर्षी मी त्या दगडाशेजारी आडवी असेन. आयव्हीचं गाणं एकदा ऐकव गं."

"मी एकटी नाही म्हणणार," डेल्फाने ब्रश खाली ठेवला. "ओळ देणार."

आमच्या चर्चमध्ये वाद्यं नाहीत. एक जण ओळ झरझर सांगतो, मग सगळे तीच ओळ लांबवत, संथपणे परत म्हणतात. जी दिली तीच परत करायची.

"म्हणजे सगळ्यांना आयव्ही म्हणावंच लागेल!"

"त्यालाही. त्याच्या तोंडून एकदा तिचं नाव ऐकायचंय मला, व्हर्जी. बाकी काही नको."

वेस्टन आला तो टोपी हलवतच.

"काय व्हर्जी, जीभ अजून तशीच?"

"तुझी टोपी वाढली, म्हटलं आपण जीभ तरी वाढवावी."

तो हसला आणि डेल्फापाशी जाऊन उभा राहिला. "अजून रागावलीयस? अगं, मेलेल्या पोरीचं गाणं कोण ऐकणार? तिथल्या लोकांनीच बदलायला लावलं."

"तिचं नाव होतं त्यात."

"नावच तर बदललं. बाकी सगळं तुझंच आहे की."

डेल्फाने ब्रश उचलून बादलीत टाकला. मला मात्र बादली त्याच्या टोपीवर उपडी करायची होती.

आमच्या चर्चचे उपदेशक ब्रदर हायरम यांची प्रार्थना संपली. लोक दाटीने उभे राहिले, मावशी खुर्चीत. डेल्फाने दगडावर हात ठेवला आणि ओळ दिली. "आयव्ही, थांब गं पाण्यापाशी, मी आत्ता येईन."

लोकांनी सवयीने डोळे मिटले. सगळे गळे एकदम उघडले. "लॉऽऽरा, थांब गं..."

वेस्टनचा कमावलेला आवाज सगळ्यांत वर होता. त्याला कळलंसुद्धा नाही. कुणालाच कळलं नाही. इतकी वर्षं गाडीत, लग्नात, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकलेलं गाणं आपसूक तोंडातून बाहेर पडत होतं. मी 'आयव्ही' म्हटलं, पण माझा आवाज त्या गर्दीत बुडून गेला.

डेल्फाने तीच ओळ पुन्हा दिली. ह्या वेळी नाव सुटं करून, मोठ्याने.

लोक गोंधळून गप्प झाले. तेवढ्यात खुर्चीतून मावशी मायेने म्हणाली, "नाव चुकतंय तुझं, पोरी. लॉरा आहे ते."

कुणी हसलं नाही. वेस्टन हातातल्या टोपीच्या आत बघत राहिला. त्याने एक शब्द बोलायला हवा होता, आईला नाव सांगायला हवं होतं. तो बोलला नाही. मी तोंड उघडणार तोच डेल्फाने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

सुरू केलेलं गाणं ओळ देणाऱ्याला अर्ध्यावर सोडता येत नाही. तिने दुसरी ओळ दिली, मग तिसरी. शेवटच्या कडव्यात नाव परत येतं. तिथे ती आईकडे वळली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "लॉरा."

सगळ्यांचा सूर एक झाला. मावशी मांडीवर हाताने ताल धरून गात होती. "छान म्हटलंस गं," ती नंतर म्हणाली, आणि वेस्टनचा हात धरून जेवायला गेली. झाडाखाली डंपलिंगची भांडी उघडली, पोरं केकवर तुटून पडली.

डेल्फा पुन्हा खाली बसली. दगड लख्ख होता. तरी ती नावाची तीन अक्षरं घासत राहिली. बादलीतलं पाणी संपलं.

"ओढ्यावरून भरून आणते. मी आत्ता..." मी उठले.

तिने माझा हात घट्ट धरला.

"नको. इथेच बस."