खळ्यावरचं शून्य

"गाडी कुठली?" रणजीतनं तिसऱ्यांदा विचारलं आणि चिमाजीनं तिसऱ्यांदा उत्तर टाळलं.

"डोंगरातली हाय. तुझ्याकडं वस्तू हाय का न्हाई, तेवढं बोल."

भोसरीत रणजीतचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याखाली रचलेला ढीग, पण त्यातली कुठली वस्तू कुठं आहे हे त्याला डोळे मिटून सांगता येई. तो वाकला, दोन हेडलाइट बाजूला केले आणि तळहाताएवढी एक काळी पेटी बाहेर काढली. पेटीत तीन काचा होत्या. एकीत गाडीचं मागून काढलेलं चित्र, ती डावी-उजवी कलायची. दुसरीत बाजूनं काढलेलं, ते चढ-उतार दाखवायचं. तिसरीत उंचीचा काटा.

"एका हौशी माणसाच्या जीपमधली आहे," रणजीत म्हणाला. "लडाखला जाऊन आली, आणि बायकोनं पुन्हा जाऊ दिलं नाही. पण काका, तुम्हाला कशाला? तुम्ही तर म्हणायचा, मला कल कंबरेला कळतो."

"सायबांनी मागितलीय," चिमाजी म्हणाला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी खोटं बोलायला शिकणं सोपं नसतं. त्याचे कान तापले.

"मग साहेबांना सांगा, उंचीचा काटा आधी माहीत असलेल्या उंचीवर लावायचा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती बघून लावा. आणि कलाचं घड्याळ एकदम सपाट जागेवर गाडी उभी करून शून्यावर आणा. तिथं चुकलात तर पुढचं सगळं चूक. तुमच्या उंच टपाच्या गाडीला आडवा कल पंचवीस अंशांच्या पुढं गेला, की ती उलटायला येते."

चिमाजीला सगळं समजलं. एवढंच, की सपाट जागा कुठली हेच त्याला गेले दोन महिने समजत नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी तोंड धुताना मोरी उजवीकडं कलली होती. त्यानं भिंत धरली, पण भिंतही कललेली होती. डॉक्टरांनी कानाची तपासणी केली, डोळ्यांसमोर बोट नाचवलं आणि कागदावर लिहून दिलं: आतल्या कानाचा त्रास, तोल बिघडला आहे, वाहन चालवू नये. कागदाची चौघडी त्यानं लायसनच्या पाकिटात, लायसनच्याच मागं ठेवली. बायकोला, ठकुबाईला, सांगितलं की ॲसिडिटी आहे.

तो घाबरला होता. महाळुंग्यातली त्याची जमीन कंपन्यांत गेली होती आणि त्याच्या वयाचे बरेचजण आता देवळाच्या कट्ट्यावर बसून कुणाच्या गेटमधून किती ट्रक सुटले यावर वाद घालत. चिमाजीला त्या कट्ट्याची धास्ती होती. एका संस्थेची फिरत्या दवाखान्याची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी तो अकरा वर्षं धरणापलीकडच्या वाड्यांवर नेत होता. तिथं हॉर्न वाजला की म्हाताऱ्या म्हणायच्या, "चिमाजी आला." दवाखाना आला असं कुणी म्हणायचं नाही. एवढ्यासाठी माणूस खोटं बोलू शकतो.

चिंचवड स्टेशनची पाटी बघून त्यानं उंचीचा काटा लावला. ते काम चुटकीसरशी झालं. उंची कुणीतरी पाटीवर लिहून ठेवली होती. सपाट कुठं आहे हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं.

गाडी रोज घरामागच्या खळ्यावर उभी राही. शेत गेलं तरी खळं राहिलं होतं, आजोबांनी चोपून केलेलं. त्यानं सीटवर बसून अंदाज घेतला. खळं त्याला उजवीकडं उतरतं वाटलं. 'इतक्या वर्षांत खचलं असंल,' तो स्वतःशी म्हणाला. मग गाडी पुढं-मागं करत, डावी चाकं खळ्याच्या कडेवरून खाली उतरवून, कंबरेला बरं वाटेपर्यंत तो खटपट करत राहिला. तिथं त्यानं कलाचा काटा शून्यावर आणला आणि पेटी डॅशबोर्डवर पक्की चिकटवली. एखाद्या गवंड्याला हाक मारली असती तर त्यानं पाच मिनिटांत पाणसळ लावून दिली असती. पण चिमाजीला सपाट कळत नाही, हे त्या गवंड्याला कळलं असतं ना!

बुधवारी पायरवाडीची फेरी होती. नर्स विजयश्री नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर बसली. ही औशाकडची, तीन वर्षांपासून या गाडीवर. तिला नवीन पेटी फार आवडली. कंडक्टरनं थांबे पुकारावेत तशी ती उंची पुकारत होती.

धरणाच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर ती म्हणाली, "काका, हे चित्र उजवीकडं झुकलंय. सहा दाखवायलंय. रस्ता तर सपाट हाय की."

"दिसतोय सपाट," चिमाजी म्हणाला. "न्हाई तो."

आणि मनातून त्याला केवढा तरी धीर आला. त्यालाही रस्ता उजवीकडंच कललेला वाटत होता, आणि आता यंत्रही तेच सांगत होतं. डॉक्टरांचं काही खरं नसतं, असंही त्याला वाटून गेलं.

पायरवाडीचा आडवा चढ मात्र अंगावर आला. जाताना दरी उजव्या हाताला. कलाचा काटा एकवीसवर गेला तसा त्यानं गिअर उतरवला. डोंगराच्या बाजूला गाडी घासत, पायी चालणाऱ्यानंही मागं टाकावं अशा वेगानं तो वर पोचला. "आज लई जपून चालवायलात," विजयश्री म्हणाली.

वाडीत केसरबाई जुलाबांनी गळून पडली होती. डोळे आत गेलेले, नाडी लागेना. विजयश्रीनं तिला गाडीतल्या बाकावर घेतलं, सलाइन लावलं आणि छताला टेकलेल्या उभ्या दांड्याच्या आकड्याला बाटली अडकवली. ती स्वतः मागंच केसरबाईच्या उशाशी बसली, तिची सून पायाशी.

"काका, चाकणला न्यायला पाहिजे. आत्ताच."

"चला," चिमाजी म्हणाला.

परतीला दरी डाव्या हाताला आली. वरच्या चाकोरीत पावसानं नाला पाडला होता. त्यात आदळली तर सुई निसटायची. खालची चाकोरी मऊ होती, पण कडेला होती. त्यानं काट्याकडं पाहिलं. बारा. खालच्या चाकोरीत उतरला. सोळा. अठरा. पंचवीसला अजून जागा होती. कंबरही काही तक्रार करत नव्हती. त्यानं जरा वेग धरला.

"काका, थांबा!"

विजयश्रीचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"बाटली बघा."

त्यानं आरशात पाहिलं. सलाइनची बाटली दांड्यापासून लांब, डावीकडच्या औषधांच्या कपाटाच्या काचेला जाऊन टेकली होती. विजयश्रीनं एका हातानं केसरबाईला धरलं होतं.

"तुमचं घड्याळ अठरा सांगायलंय. अठराला बाटली एवढी जात न्हाई. रोज बघते मी. काका, गाडी पडायलीय."

चिमाजी डोंगराकडच्या दारानं खाली उतरला. मागचं उजवं चाक जमिनीला नव्हतं. खाली हात जाईल एवढी फट होती. त्यानं खरंच हात घालून बघितला. खाली दरीच्या तळाशी धरणाचं पाणी होतं, हिरवं आणि एकदम शांत. कंबरेला चूक वाटलं नव्हतं. यंत्रालाही वाटलं नव्हतं. आणि आत तीन बायका होत्या.

त्याला खळ्याच्या कडेवरून उतरवलेली डावी चाकं आठवली. यंत्र खोटं नव्हतं. यंत्राला त्यानं स्वतःचाच कान लावून दिला होता.

तो परत आत बसला आणि मागं वळला.

"पोरी, मला कळत न्हाई. कुठं कलतीय ते मला कळतच न्हाई. दोन महिनं झालं."

विजयश्रीचाही चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "मला कळतंय. मी बाटलीकडं बघते, तुम्ही माझं ऐका." सूनबाईला तिनं उजव्या बाजूला, दाराला चिकटून बसवलं आणि केसरबाईचं बाकही सगळ्यांनी मिळून तिकडं सरकवलं.

चिमाजीनं रिव्हर्स टाकला. आल्या चाकोरीनं मागं जायचं होतं, एक गाडीभर.

"मागं... मागं या. बाटली काचेला हाय अजून. हळू. सुटली काचेपासून. या. आणखी या."

त्याला वाटत होतं गाडी उजवीकडं उलटतेय. सगळं अंग स्टिअरिंग डावीकडं, पाण्याकडं ओढायला सांगत होतं. त्यानं दात आवळले आणि अंगाचं ऐकलं नाही.

"दांड्याकडं आली. थांबा. आता वरच्या चाकोरीत घ्या."

गाडी नाल्यात आदळली. सुई निसटली नाही. खालपर्यंत विजयश्री बाटलीचा ठाव सांगत राहिली आणि तो, अकरा वर्षं ह्या वाटेचा राजा, आंधळ्यासारखा तिच्या आवाजामागं गाडी नेत राहिला. केसरबाईनं मध्येच डोळे उघडून विचारलं, "चिमाजी हाय ना?" सून म्हणाली, "हाय, हाय." चिमाजीला रडू आलं.

चाकणला दवाखान्यानं केसरबाईला आत घेतलं. ती वाचणार होती. बाहेर फरशीच्या आवारात गाडी उभी होती. रिकामी बाटली दांड्यालगत सरळ लोंबत होती आणि डॅशबोर्डवर चित्र सहा अंश उजवीकडं कललेलं. विजयश्रीनं दोन्हीकडं पाहिलं. चिमाजीनं पाकीट काढलं, लायसनच्या मागची चौघडी तिच्या हातात दिली.

वाचून तिनं ती होती तशीच घडी केली. "मी आपणहून कुणाला सांगणार न्हाई, काका. पण तुम्ही सांगितलं न्हाई, तर बुधवारी मी ह्या गाडीत बसणार न्हाई. कुणालाच बसू देणार न्हाई."

"व्हय," चिमाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

चाकणच्या दवाखान्यातल्या एका ड्रायव्हरनं गाडी खळ्यावर आणून सोडली. संध्याकाळी त्यानं आधी ठकुबाईला सांगितलं. ती भांडली नाही, हेच त्याला जड गेलं. मग संस्थेला फोन केला.

शुक्रवारी सकाळी गाडी न्यायला नवा ड्रायव्हर रविराज येणार होता. त्याआधी चिमाजी तांब्या घेऊन खळ्यावर गेला आणि मधोमध पाणी ओतलं. त्याच्या डोळ्यांना खळं उजवीकडं उतरत होतं, तेव्हा पाणी तिकडं धावायला हवं होतं. पाणी धावलं नाही. सगळीकडं सारखं पसरलं, भाकरीसारखं गोल झालं आणि तिथंच थांबलं. त्यानं चारी कोपऱ्यांत तांब्या-तांब्या ओतून पाहिलं.

खळं खचलं नव्हतं.

त्यानं गाडी खळ्याच्या मधोमध उभी केली. सीटवर बसला तशी ती उजवीकडं झुकली, इतकी की त्यानं दार घट्ट धरलं. अंग ओरडून सांगत होतं की हे सपाट नाही. चिमाजीनं पेटीचा स्क्रू फिरवला, काचेतली गाडी सरळ उभी केली आणि काटा शून्यावर आणला.

रविराज आला. चावी घेतली, गाडीला एक फेरी मारली आणि आत डोकावून म्हणाला, "काका, हे मीटर बरोबर आहे ना? का नुसतं शोभेचं?"

"बरोबर हाय," चिमाजी म्हणाला. "शून्य पाण्यानं तपासलंय. आणि सिस्टर थांब म्हणल्या, की थांबायचं."

गाडी फाटकातून बाहेर पडली. पायरवाडीला हॉर्न वाजेल तेव्हा म्हाताऱ्या काय म्हणतील, हा विचार त्यानं मनात येऊ दिला नाही. ओल्या खळ्यावर चाकांचे दोन सरळ माग उमटले होते. ठकुबाई दारातून म्हणाली, "आत या. पडाल."

"पडत न्हाई," तो म्हणाला आणि भिंत धरून, सपाट जमिनीवरून, चढण चढावी तसा एकेक पाऊल टाकत घराकडं निघाला.