नोझल आणि ब्रश

नेरच्या बसस्टँडमागे नजीरचाचा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. स्वतःच्या नावावर तसूभर वावर नाही, पण तालुक्यातली कपाशीची पऱ्हाटी आपल्याच जिवावर फवारली जाते असा त्यांचा तोरा. हलीमाचाचींना तो तोराही आवडायचा.

बोंडअळीच्या त्या वर्षी दुकानात पंपांची रीघ लागली. एका दुपारी चाचा घामानं निथळत खाली बसले ते उठलेच नाहीत. तोंडाला फेस आला. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून यवतमाळच्या मेडिकलला, सरकारी कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. जिल्ह्याचं जे कुठंच निभत नाही ते शेवटी याच फाटकातून आत येतं, आणि नावं ठेवायला पुन्हा हेच सापडतं. चाचीही ठेवायच्या.

"विष पोटात गेलंय," डॉक्टर म्हणाले. "विचारावं लागतं चाची, घरात काही झालं होतं का?"

चाचींनी कानाला हात लावले. "तौबा! हे कायले जीव देतीन? वावरात पाय नाही टाकत, विष येईन कुठून?"

पण केसपेपरावर 'आत्महत्या' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह पडलं ते पडलंच. माणूस गेला तर हा डाग घेऊन जाईल, या धास्तीनं चाची खाटेपासून हलेनात.

निशिगंधा नावाची शिकाऊ डॉक्टर खाटेपाशी ठाण मांडून होती. पुसदची पोर. दर पंधरा मिनिटांनी चाचांच्या डोळ्यांत बॅटरी, मग इंजेक्शन, पुन्हा बॅटरी. होस्टेलवर जायला सवड नाही म्हणून दात घासायचा ब्रशही एप्रनच्या खिशात.

तिसऱ्या दिवशी औषधाच्या गुंगीत चाचांचे हात हवेत चालू लागले. काहीतरी फिरवून काढलं, ओठांशी नेलं, गाल फुगवले, मग जोरात ओढलं.

"चाची, हे काय करताहेत?"

"नोझल साफ करून राह्यले. फुंकून नाही निघालं त ओढतेत. तीस वर्षं झाली, असंच."

निशिगंधा ताडकन उठली आणि वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना, तिच्या सरांना घेऊन आली, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. सरांनी ते हात नुसते पाहिले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणाले आणि प्रश्नचिन्ह खोडून स्वतः लिहिलं: काम करताना विषबाधा. चाची ढसाढसा रडल्या.

चाचा बरे झाले. सुट्टी मिळाली तेव्हा चाचींनी हात जोडले. "सर, तुमचे उपकार कसे फेडू?"

"आमच्या पोरांनी पंप कधी हातात घेतला नाही," सर म्हणाले. "चाचांना एक तास घेऊ द्या."

नवाकोरा पंप आला. समोर चाळीस होणारे डॉक्टर बघून चाचांचा तोरा परतला. वॉशर, दांडा, नळी सगळं समजावलं, आणि बोलण्याच्या नादात नोझल काढून सरळ ओठांशी नेलं.

"चाचा, नको!" चाळीस गळे एकदम ओरडले.

चाचांचा हात अधांतरी थांबला. निशिगंधानं पुढे होऊन खिशातला ब्रश त्यांच्या हाती दिला. दारात उभ्या चाचींना वाटलं, आपल्या माणसाला चाळीस पोरं झाली.

तो ब्रश आता दुकानात दोरीला टांगलेला असतो. चाची सकाळी आधी तो जागेवर आहे का बघतात, मगच चहा ठेवतात.