शिडीवरचा ओके

मित्रांनो, कल्पना करा, तुम्ही शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभे आहात. पायाखालची पायरी पक्की आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी सांगितलं. शिडीच्या कडेला निळ्या शाईत "ओके" उमटलेलं आहे ना, तो माझा ठसा.

मी एक जुना रबरी शिक्का आहे. ॲल्युमिनियमच्या शिड्यांच्या कारखान्यात माझी मूठ झिजली. माझ्यावर एकच शब्द आहे, पण त्या छपराखाली तो नाना तऱ्हांनी वापरला जाई. ट्रकवाला ओके म्हणाला की गाडी नीट लागली. मालक फोनवर "ओके, ओके" म्हणाले की समोरच्याने आटोपतं घ्यावं. तोच शब्द त्यांनी लांबवला की रजा मिळणार नाही, असं कामगार समजत. शिड्या तपासणाऱ्या मावशींची भाची शाळा सुटल्यावर तिथेच बसे. गृहपाठाचं विचारलं की तीही ओके म्हणे, म्हणजे तिने ऐकलेलंच नसे.

माझं सांगणं मात्र एकच होतं: चढून पाहिलं आहे. मावशी प्रत्येक शिडी चढत, वरच्या पायरीवर तीनदा उड्या मारत, उतरत आणि मगच मला हातात घेत. कामगार त्यांना नाचऱ्या मावशी म्हणत. मी नाचते म्हणून पुढे कोणी पडत नाही, असं त्या त्यांना ऐकवत.

एकदा मावशी पाणी प्यायला गेल्या, तेव्हा भाचीने हौसेने मला एका शिडीवर दाबलं. परतल्यावर मावशींनी तीही तपासलेल्यांत धरली. संध्याकाळी चाळीस शिड्या ट्रकजवळ रचल्या गेल्या. ठसे सगळे सारखेच.

शिड्या भरून घ्यायला ट्रक सुरू होऊन मागे येऊ लागला, तशी भाची मावशींकडे धावली.

"मावशी, त्यातला एक शिक्का मी मारलाय."

"कुठल्या शिडीवर?"

"आठवत नाही गं."

चाळिसांत एकीने काय बिघडतंय, असं म्हणत मालकांनी घड्याळ पाहिलं. मावशींनी वाद घातला नाही. ढिगातली एक शिडी त्यांच्यापुढे उभी केली.

"साहेब, मग तुम्हीच चढा. अगदी वरपर्यंत."

मालकांनी शिडीकडे पाहिलं आणि ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

मित्रांनो, मी रबराचा. खरं-खोटं मला कळत नाही. जो हात दाबेल, त्याचं म्हणणं मी उमटवतो. म्हणून मला उचलण्याआधी एकदा स्वतः चढून पाहत जा, एवढंच मागणं.

मुलीने बादली भरून आणली, फडका पिळला आणि पहिल्या शिडीवरचा माझा ठसा घासून पुसायला लागली.